डाव्या पायाची सवय

तोरिनो, ९ ऑक्टोबर २०२३

प्रिय तित्सियाना,

तुमच्या बेर्गनला पाऊस पडतोय का, असं पत्राच्या सुरुवातीला विचारायचं नाही अशी तू मला तंबी दिली आहेस, म्हणून विचारत नाही. इथलं सांगतो. पो नदीच्या काठच्या चिनारांनी पानं टाकायला सुरुवात केली आहे. काल संध्याकाळी पुलावर उभा होतो, तर पाण्यावरून पानांचा तांडा चालला होता, कुठेही वेळेवर पोहोचायचं नसलेल्या माणसांसारखा. चौथीत क्लोतिल्दे बाईंनी आमच्याकडून होडीवाल्याची कविता पाठ करून घेतली होती, ती अख्खीच्या अख्खी आठवली. तुझ्या लहानपणी मी ती इतक्या वेळा म्हणायचो, की तू कानांवर हात ठेवायचीस. असो.

नवी 'पाचशे' गाडी छान चालते आहे. 'छान' हा माझा शब्द. तुझ्या आईचा शब्द 'फ्रिज'. "फ्रिजमध्ये बसून बाजारात जाते मी," असं ती तळमजल्यावरच्या अर्मान्दोला सांगत होती. तरी रंग तोच निवडलास ते बरं केलंस, पिस्त्याच्या गरासारखा हिरवा. गोल दिवे तेच, बसकं नाक तेच. जुनीच्या शेजारी उभी केली असती तर आजी आणि नात वाटल्या असत्या, फक्त नात आजीच्या दीडपट अंगाची. रात्री अंगणातल्या खांबाला वायर लावतो आणि सकाळी ती पोट भरून तयार असते. ना धूर, ना थरथर, ना आवाज.

ईस्टरला तू आलीस, हवेत धूर साचतो त्या दिवसांत जुन्या गाडीला शहरात बंदी असते हे आईला समजावलंस, ही विजेची आणून उभी केलीस, आणि आईने जुनी देऊन टाकायच्या कागदांवर सही केली. सही करून पेन टेबलावर ठेवलं, तेव्हापासून ती तुझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तिचं चुकलं असंही म्हणायची माझी हिंमत नाही. मी तुम्हा दोघींच्या मध्ये दोरीवरच्या पायमोज्यासारखा लोंबकळतो आहे.

आता एक बारीकशी गोष्ट. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहितो. गेल्या मंगळवारी आम्ही दवाखान्यातून परत येत होतो. चर्चच्या अलीकडच्या सिग्नलपाशी अचानक एक कुत्रा आडवा आला. आईने ब्रेक मारला. मागून एक बाई स्कूटरवरून येत होती, ती आमच्यावर आदळली. तिच्या खांद्याला लागलं. आपल्याला काही नाही. पोलीस आले, मी साक्ष दिली, कागद झाले. अशा वेळी मागून आदळणाऱ्यानेच अंतर ठेवायचं असतं, तेव्हा आईवर काही येत नाही.

तू ईस्टरला म्हणाली होतीस, "आईच्या हातून पुन्हा काही झालं, तर लायसन्सच्या कचेरीला मीच लिहीन की हिची परीक्षा घ्या." ते लिहू नकोस, बाळ. मागे गाडी फाटकाच्या खांबाला घासली ती गोष्ट वेगळी. इथे कुत्रा मध्ये आला, त्यात तिचा काय दोष? गाडी गेली तर तुझी आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसेल आणि मग तिथून उठणार नाही. एवढं एक मला पक्कं कळतं.

मध्यम उंचीचा कुत्रा होता. तांबूस. गळ्यात लाल पट्टा.

तुझा बाबा


तोरिनो, १८ ऑक्टोबर

प्रिय तित्सियाना,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, उलटतपासणीच! कुत्रा डावीकडून आला की उजवीकडून, त्याच्यामागे कुणी होतं का, आई किती वेगात होती. अगं, मी खिडकीतून चिनार बघत होतो. मी गाडीत काय करतो ते तुला ठाऊक नाही का? आयुष्यभर मी शेजारच्या सीटवर बसलेला माणूस.

लोकांना ही मोठी गंमत वाटते. कारखान्यात उभा जन्म मी जुन्या पाचशेवर कापडी छत चढवलं. कापड ताणायचं, कडा बसवायच्या, हाताने एकदा थोपटायचं आणि गाडी पुढे. शहरातल्या निम्म्या जोडप्यांनी माझ्या छताखाली भांडणं केली असतील. आणि मला स्वतःला गाडी येत नाही. तुझ्या आईला येते. ती शिवणकामाच्या दुकानातून घरोघर कपडे पोहोचवायची, तेव्हापासून तिचे पाय त्या गाडीत वाढले.

तू ती गाडी कधी चालवली नाहीस, म्हणून तुला हे कळायचं नाही. जुन्या पाचशेचा गिअर सरळ पडत नाही. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो. एकदा दाबायचा, सोडायचा, इंजिनाला किंचित हुंकार द्यायचा, पुन्हा दाबायचा. घाई केली तर दातांवर दात घासल्यासारखी ती करकरते. तुझ्या आईची गाडी कधी करकरली नाही. तिचा डावा पाय दोनदा खाली जायचा आणि त्या दोहोंच्या मध्ये एक श्वास असायचा. क्लोतिल्दे बाई ज्याला यती म्हणायच्या ना, ओळीच्या मधला थांबा, अगदी तोच! मी माझ्या कविता त्या थांब्यावर म्हणत आलो. ओळ अर्धी झाली की तिचा पाय खाली, श्वास, पाय खाली, आणि मग उरलेली अर्धी ओळ. लग्नाआधी डोंगरावरच्या वळणांवर मी तिला होडीवाल्याची कविता म्हणून दाखवली, तेव्हा मला वाटलं होतं की आपल्याला जन्मभर ताल धरणारी मिळाली.

नव्या गाडीत गिअर नाही. म्हणजे थांबा नाही. मी म्हणतो आणि शब्द एकमेकांच्या अंगावर पडत जातात.

तुझ्या प्रश्नांचं उत्तर राहूनच गेलं. ती बाई, स्कूटरवाली, काल घरी येऊन गेली. व्हियोरिका तिचं नाव, रुमानियाची आहे. चर्चमागच्या गल्लीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळते, तिच्याच घरी राहते. हात गळ्यात बांधलेला, खांद्याचं हाड मोडलंय. मला वाटलं भांडायला आली. आई आत होती, बाहेर आली नाही.

"आजोबा," ती दारातच म्हणाली, "तुम्ही कुत्रा पाहिलात ना?"

"पाहिला."

"मी नाही पाहिला. पण मी कशाला बघते, मी तुमच्या गाडीचे दिवे बघत होते. लाल झाले तेव्हा मी तुमच्या डिकीवर होते." मग जरा घुटमळली. "पट्टा होता म्हणालात. म्हणजे तो कुणाचा तरी असेल ना?"

"असेल बुवा."

"मग मालक सापडला पाहिजे. कुत्रा मोकळा सोडला ही त्याची चूक. ती कागदावर आली तर मला निदान अर्धं तरी मिळेल. नाहीतर सगळं माझ्याच डोक्यावर. एका हाताने म्हातारीला उचलता येत नाही, आजोबा. तिच्या मुलाने दुसरी बाई बघायला सुरुवात केली आहे."

मी तिला कॉफी विचारली. ती नको म्हणाली. जाताना एवढंच विचारलं, "तांबूस म्हणजे कसा? विटेसारखा की मधासारखा?"

मी म्हणालो, मधासारखा.

बाबा


तोरिनो, २९ ऑक्टोबर

प्रिय तित्सियाना,

चेस्टनट भाजणारे आले. कोपऱ्यावर त्यांचा धूर दरवळतो आणि त्या धुराला मात्र शहरात बंदी नाही. थंडी पडली की माझ्या मनात शाळेची घंटा वाजते, का कोण जाणे.

मी सध्या रोज सकाळी चालायला जातो. तू नेहमी म्हणायचीस ना, बाबा चालत जा. एकटा जात नाही. व्हियोरिका बरोबर असते. आम्ही कुत्रा शोधतो.

हसू नकोस. पहिल्या दिवशी मी पाव आणायला निघालो होतो, तर ती सिग्नलपाशी उभी. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "लाल पट्ट्याचा मधासारखा कुत्रा बघितलात का?" एका हाताने हवेत कुत्र्याची उंची दाखवत होती. मला बघून तिचा चेहरा असा उजळला! "बरं झालं आलात, तुम्हीच तर पाहिलाय. तुम्ही ओळखाल."

मग काय करणार होतो मी? गेलो तिच्याबरोबर. औषधाच्या दुकानात विचारलं, मांसवाल्याकडे विचारलं. मांसवाला म्हणाला, "पट्टेवाले कुत्रे माझ्याकडे येत नाहीत, त्यांचे मालक येतात आणि उधार मागतात." पलीकडच्या बागेत एक प्राध्यापक कुत्रा फिरवत होते. कुत्रा तांबूस होता. व्हियोरिका माझा कोट ओढून कुजबुजली, "हा?" आणि मी, तित्सियाना, मी त्या मुक्या प्राण्याकडे नीट निरखून बघितलं, मान तिरकी करून, विचारात पडल्यासारखं केलं, आणि म्हणालो, "नाही, त्याचे कान उभे होते."

कान उभे होते! कुठून आले ते कान माझ्या तोंडात?

आता ती उभ्या कानांचा शोधते.

परवा अर्मान्दोने अंगणात गाठलं. त्याला तू ओळखतेस, अंगणात गाडीची वायर लावण्यावरून इमारतीच्या बैठकीत ज्याने एवढं रान उठवलं तो. "काय कविराज," म्हणतो, "या वयात परक्या बाईबरोबर रोज सकाळी बागेत? डेल्फिनाला माहिती आहे का?"

"आम्ही कुत्रा शोधतो."

"कुत्रा! तो सिग्नलवरचा? मी इथे माझ्या वडिलांच्या काळापासून राहतो, या भागातल्या झाडून सगळ्या कुत्र्यांनी माझ्या दारावर पाय वर केलाय. लाल पट्ट्याचा एकही नाही."

"बाहेरचा असेल."

"असेल. कवितेतनं आला असेल." एवढं बोलून गेला आपला, हसत.

घरी आलो तर आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सापडला का?" मी म्हणालो, अजून नाही. ती म्हणाली, "शोध."

ती गाडी चालवते आहे का, असं तू विचारलंस. नाही. त्या दिवसापासून किल्ली खुंटीवर आहे. दवाखान्यात आम्ही ट्रामने जातो. तिचा गुडघा दुखतो म्हणून, असं ती सांगते. तू लायसन्सच्या कचेरीला लिहिलेलं नाहीस ना अजून? थोडं थांब. मी तुला पुढच्या पत्रात सगळं लिहितो.

बाबा


तोरिनो, ६ नोव्हेंबर

तित्सियाना,

कुत्रा नव्हता.

आता लिहून टाकलं. तुला बहुधा पहिल्याच पत्रात कळलं होतं. मी लहानपणापासून जास्त तपशील देतो तेव्हा खोटं बोलतो, असं माझी आईसुद्धा म्हणायची.

झालं ते असं. आम्ही दवाखान्यातून निघालो. माझा रिपोर्ट चांगला आला होता, ऊन पडलं होतं, आणि मी होडीवाल्याची कविता म्हणायला लागलो. नव्या गाडीत ती घसरत जाते हे ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम सावकाश म्हणत होतो, जुन्या चालीवर, ओळीच्या मध्ये थांबून. समोर सिग्नल हिरवा होता, रस्ता मोकळा होता, आणि आई वळण्यासाठी जरा हळू झाली होती. मी अर्ध्या ओळीवर थांबलो. आणि तिचा डावा पाय क्लचवर गेला.

पण या गाडीला क्लच नाही. पायाखाली रुंद ब्रेक आहे. क्लच दाबतात तसा तिने तो पार तळापर्यंत दाबला. गाडी भिंतीवर आपटल्यासारखी जागच्या जागी थांबली. मागून धडाका.

आई स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिली. मी उतरलो. ती बाई रस्त्यावर आडवी होती आणि तिच्या पिशवीतली संत्री ट्रामच्या रुळांपर्यंत घरंगळत गेली होती. ट्राम थांबली होती. पोलीस बाई आली, तरुण होती, तिने विचारलं, "गाडी का थांबवली?" आईने तोंड उघडलं. तिच्या तोंडातून काय बाहेर पडणार हे मला दिसलं. मग लायसन्स जाणार, मग खिडकीजवळची खुर्ची. मी मध्येच बोललो, "कुत्रा आला." पोलीस बाईने विचारलं, कसा होता? आणि मी सांगत सुटलो.

आईने तोंड मिटलं. त्या दिवसापासून घरात आम्ही मीठ दे, खिडकी लाव, एवढंच बोलतो.

कारण मी आहे हे तुला कळलं ना? तिचा पाय माझ्या ओळीवर खाली गेला. एवढी वर्षं मी त्याला तसंच शिकवलं. गाडी बदलली, पायाला कुणी सांगितलंच नाही. तू लायसन्सच्या कचेरीला लिहिणार असशील तर लिही, की डेल्फिना बर्तोलीनो या बाईच्या शेजारी कविता म्हणणारा म्हातारा बसवू नये.

काल व्हियोरिकाचं काम गेलं. काम गेलं म्हणजे खोलीही गेली, कारण ती त्या म्हातारीच्याच घरात झोपायची. आता गावाकडच्या कुणा बाईच्या सोफ्यावर आहे. विमा कंपनीने कळवलंय, चूक मागून येणाऱ्याची, तिला काही मिळायचं नाही. हे तिने मला बागेतल्या बाकावर सांगितलं. मग आपल्याच पिशवीतून पाव काढून अर्धा मला दिला.

"आजोबा, तुम्ही रोज येता," ती म्हणाली. "तुम्हाला काय गरज? दुसरा कुणी आला नसता."

तो पाव मी कोटाच्या खिशात घातला.

तिथेच सांगायला हवं होतं. घरी आलो, आईसमोर बसलो आणि म्हणालो, "डेल्फिना, तिचं काम गेलं."

आईने खुंटीवरच्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाली, "उद्या माझा काळा कोट काढून ठेव."

बाबा


तोरिनो, १४ नोव्हेंबर

प्रिय तित्सियाना,

आम्ही पोलीस चौकीत जाऊन आलो. मला वाटलं होतं मी पुढे होऊन बोलेन. रात्रभर वाक्यं जुळवली होती. आई ट्राममध्ये म्हणाली, "तू काही बोलायचं नाहीस. तू बोललास की जनावरं पैदा होतात."

व्हियोरिकालाही बोलावून घेतलं होतं. तिला वाटलं कुत्रा सापडला. बाहेरच्या बाकावर बसली होती, आम्हाला बघून उठलीच. "मिळाला?"

"आत या," आई म्हणाली.

तीच पोलीस बाई होती. आई खुर्चीवर ताठ बसली, पर्स मांडीवर घेतली. "कुत्रा नव्हता," म्हणाली. "माझा डावा पाय चुकला. मला क्लचची सवय आहे, या गाडीला क्लच नाही. ही बाई नीट चालवत होती."

पोलीस बाई माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही तर पट्ट्याचा रंगसुद्धा सांगितला होतात."

"हो."

"मग तुम्ही नेमकं काय पाहिलंत?"

"काही नाही. मी कविता म्हणत होतो." आणि मग न राहवून मी सगळं सांगितलं, ओळीचा थांबा, क्लच, श्वास, जुनी गाडी. ती टाइप करता करता थांबली. "हे मी कसं लिहू? 'चालकाच्या शेजारी काव्यवाचन चालू होतं'?"

"लिहा," मी म्हणालो. "तेच कारण आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली.

व्हियोरिका भिंतीपाशी उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आजोबा, बागेत तुम्ही त्या प्राध्यापकाच्या कुत्र्याचे कान बघत होतात." एवढंच. मग गळ्यातली पट्टी सारखी करत, "थंडी होती हो. मी माझ्या म्हातारीला सोडून यायचे. कामाच्या शेवटच्या आठवड्यात ती माझ्याशिवाय जेवत नव्हती."

आई उठली, तिच्यासमोर गेली. "गाडी तुम्ही घ्या. गिअर नाहीत, एका हाताने चालते. कामाला जाता येईल."

"मला तुमची गाडी नको, बाई," व्हियोरिका म्हणाली. "मला येत असती तरी नको होती. कागदावर खरं आलं ना? तेवढं पुरे." आणि आमच्याआधी निघून गेली.

साक्ष बदलली आहे. विम्याचं आता नव्याने बघतील, तिला मिळेल असं पोलीस बाई म्हणाली. खोट्या साक्षीबद्दल माझं काय ते नंतर कळवतील. आईची परीक्षा पुन्हा घेतली जाईल, डोळे, कान, पाय, सगळं. पण आईने तिथल्या तिथे पर्स उघडली, लायसन्स काढलं आणि टेबलावर ठेवलं. पोलीस बाई म्हणाली, "आजी, आत्ता द्यायची गरज नाही, पत्र येईल, तोपर्यंत..." आई म्हणाली, "ठेवून घ्या. मी पुन्हा एवढ्यासाठी ट्राम बदलत येणार नाही."

म्हणजे आता तुला कुणाला लिहायची गरज उरली नाही.

मी त्या दिवशी एक ठरवलं. कविता बंद. मोठ्याने तर नाहीच, मनातही सुरू झाली की दुसरीकडे बघतो. क्लोतिल्दे बाईंनी शिकवलेलं, आईचा पाय चुकवणारं, एका परक्या बाईचा खांदा मोडणारं असं काही या घरात आता नको. घर फार शांत झालं आहे. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसते.

तुझा बाबा


तोरिनो, २१ नोव्हेंबर

तित्सियाना,

मी आई. अक्षर वाईट आहे, समजून घे. तुझे बाबा पाव आणायला गेलेत, येईपर्यंत लिहिते. तुझा पत्ता त्यांच्या पाकिटावरून घेतला.

तुला त्यांनी सगळं लिहिलंय हे मला ठाऊक आहे. ते लिहिताना ओठ हलवतात. पण त्यांना निम्मंच माहीत आहे. कविता कारण नव्हती.

मी त्यांच्या कविता ऐकतच नाही, तित्सियाना. लग्न झालं तेव्हा ऐकायचे, वर्षभर असेल. मग त्यांचा आवाज मला ट्रामसारखा झाला, चालू असतो. मी इंजिन ऐकायचे. जुन्या गाडीत इंजिन मागे होतं, ते पाठीला सांगायचं आता पाय, आता सोड, आता पाय. त्यांना वाटतं मी त्यांच्या ओळीवर गिअर टाकायचे. तेच माझ्या गिअरवर ओळ तोडायचे. मी बघत होते ना, माझा पाय खाली जायची वाट बघत तोंड उघडं ठेवून थांबायचे.

या तुझ्या गाडीत पाठीला काहीच कळत नाही. सिग्नलच्या आधी दोनदा असंच झालं होतं. एकदा अंगणात आणि एकदा बाजारामागच्या रस्त्यावर. दोन्ही वेळा मी एकटी होते. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. त्याच दिवशी किल्ली खुंटीवर टाकायला हवी होती, मग त्या बाईचा खांदा शाबूत राहिला असता. हे मी तिला जाऊन सांगितलं. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं, 'बसा' म्हणाली नाही. बरोबर केलं तिने. नवीन काम बघते आहे, खांदा भरेपर्यंत मिळणार नाही. मी पुन्हा जाणार आहे.

तुझ्याशी मी का बोलत नव्हते ते तुला वाटतं तसं नाही. गाडी नेलीस म्हणून नव्हे. तू म्हणालीस, 'आई, तीच गाडी आहे, फक्त आवाज नाही.' मला वाटलं, हिला काहीच माहीत नाही, आणि मला ते सांगताही येत नव्हतं. मला बाबांसारखं बोलता येत नाही.

आता माझी अडचण ऐक. चौकीतून आल्यापासून त्यांनी कविता म्हणणं बंद केलंय. सकाळी दाढी करताना म्हणायचे, तेही नाही. मी त्या आवाजाकडे कधी लक्ष दिलं नाही, पण तो नाही हे मला दिवसभर ऐकू येतं. घर तुझ्या त्या गाडीसारखं झालंय. काल मी आंघोळीला गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले, आवाजासाठी.

त्यांना सांगितलं की कवितेमुळे काही झालं नाही, तर मी ऐकत नव्हते हे सांगावं लागेल. एवढ्या वर्षांनंतर त्यांना ते कसं सांगू? नाही सांगितलं, तर ते असेच गप्प राहतील आणि आपणच त्या बाईला पाडलं असं मानत मरतील. मी गाडी चालवली, कपडे शिवले, मला यातलं काही जमत नाही. तू त्यांच्यावर गेली आहेस, शब्द तुमच्याकडे आहेत. ये आणि यातून काहीतरी काढ. नाताळची वाट बघू नकोस.

विमानतळावर घ्यायला मला येता येणार नाही. शहरापर्यंत बस आहे, पुढे ट्रामने ये.

पाव आला.

आई